काजळीवरची पांढरी रेघ

मी एक भूकंपमापक बोलतोय. खरं म्हणजे बोलणं माझ्या स्वभावात नाही. जन्मभर मी फक्त लिहिलं, तेही एकच रेघ. जमीन गप्प असली की सरळ, जमीन हलली की वाकडी. आता लिहिणंही सुटलं, म्हणून म्हातारपणी तोंड फुटलंय.

माझा जन्म वरोऱ्याचा. परदेशी यंत्रं मोठ्या वेधशाळांत दिमाखात बसतात, मी गरिबाघरचा. १९५५ साली गुणवंतराव नावाचे नागपूरच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक नकाशांची गुंडाळी काखेत मारून दादाजी मिस्त्रींच्या कारखान्यात आले. दादाजी एरवी कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांनी मोडीतल्या पितळेतून माझा ढोल घडवला, शिशाचं वजन ओतलं आणि भिंतीवरच्या एका घड्याळाची चक्रं काढून मला दिली.

"हे वजन कायले एवढं भारी?" दादाजींनी विचारलं.

"जमीन हलली तरी ते जागचं हलू नये म्हणून. आपन सारेच जमिनीसंगं हलतो, म्हणून आपल्याले समजत नाई."

"म्हंजे आळशी पायजे. मंग माह्या साळ्याले घेऊन जा ना!"

माझ्या थोरवीचं याहून खरं वर्णन पुढे कोणी केलं नाही.

गुणवंतराव आरमोरीच्या धानकऱ्याचे चिरंजीव. १९५० साली आसामात मोठा भूकंप झाला, तेव्हा ते नागपुरात शिकत होते. त्या बातम्यांनी त्यांना जे झपाटलं ते कायमचं. आपल्या मुलखातही जमिनीखाली एखादी जिवंत भेग असेल, असं त्यांना वाटे. अशा भेगेला ते भ्रंश म्हणत. वरिष्ठ हसायचे. म्हणायचे, "इथला खडक म्हातारा, तो कशाला कूस बदलतोय?" शेवटी एका वर्षाची परवानगी मिळाली आणि मला बैलगाडीत तणसावर निजवून कुरखेड्यापलीकडच्या एका जंगलगावात नेलं. पत्रू आणि सुकरी या गोंड नवरा-बायकोच्या घरामागे उघडा खडक होता. त्यावर ओटा, वर बांबूची खोपडी आणि खोपडीत मी.

कागद काळा करायचं काम सुकरीचं. ती गुळगुळीत कागद दिव्याच्या धुरावर फिरवून त्यावर काजळी धरायची. मातीचं तेल संपलं तर मोहाच्या बियांचं टोळीचं तेल वापरायची, आणि माझं मत विचाराल तर तीच काजळी जास्त मऊ. तो कागद माझ्या ढोलावर चढायचा. ढोल फिरायचा, माझी सुई काजळी खरवडत जायची आणि मागे पांढरी रेघ उरायची. गुणवंतराव कोसभर दूर जंगल खात्याच्या बंगल्यावर उतरलेले. रोज दहाच्या सुमारास सायकलवर येऊन ते कागद बदलायचे आणि जुना कागद लाखेच्या पाण्यात बुडवून, पक्का करून खोपडीतल्या पेटीत ठेवायचे. लाख पत्रू कुसुमाच्या झाडावरून आणून द्यायचा. प्रत्येक कागदाच्या कडेला सुकरीच्या बोटांचे ठसे तेवढे राहायचे.

पहिल्याच आठवड्यात माझी रेघ पहाटे फुगू लागली. रोज तासभर बारीक थरथर, मग दिवसभर शांत. गुणवंतराव हरखले. "आहे! भ्रंश जिवंत आहे!" त्यांनी वहीत लिहिलं की दर सातव्या दिवशी तो विसावा घेतो. सातव्या दिवशी गावचा बाजार असतो, हे त्यांच्या वहीत कुठेच नव्हतं.

मी काय करणार? भिंतीपलीकडे काय चाललंय ते मला ठाऊक होतं. पण मला रेघ काढता येते, तिच्याखाली नाव लिहिता येत नाही.

१९५६ चा भादवा आला. दोनच महिन्यांपूर्वी कच्छात अंजारला भूकंप होऊन माणसं दगावली होती. गुणवंतरावांची झोप उडाली होती. अशात माझी रेघ चार दिवस कधी नव्हे इतकी फुगली, पहाटे आणि संध्याकाळीही. आणि मग एकदम गप्प. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. रेघ दोरी धरून आखावी तशी सरळ.

नवव्या दिवशी ते आले तेव्हा दाढी वाढलेली आणि हातात तारेचा मजकूर. चांद्याच्या मोठ्या साहेबांना ते कळवणार होते की ही शांतता मोठ्या भूकंपाआधीची आहे, पंधरा-वीस गावं तातडीनं रिकामी करा.

"पत्रूभाऊ, गाडी जुंप. आरमोरीच्या तारघरात जाचं आहे."

पत्रू जागचा हलला नाही. "गावं खाली केली तं धानाचं काय होईन, भाऊ? हलका धान पिकून राह्यला. दोन रात्री राखन नसली तं डुकरं काडी ठेवत नाईत."

"धान पाहतोस का जीव? अंजारच्या लोकायले कोनी सांगतलं नव्हतं!" त्यांचा आवाज चिरकला. मला त्यांची फार दया आली. माणूस खोटा नव्हता. खरंच घाबरला होता, आणि दुसऱ्यांसाठी घाबरला होता.

सुकरी हातातला काळा कागद सांभाळत दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, ते जमीन नोहे. ते माही ढेकी आहे."

भिंतीपलीकडे तिची ढेकी होती. धान कांडायचं ते लांब लाकूड, एका टोकावर पायानं दाबायचं की दुसऱ्या टोकाचं मुसळ उखळात आदळतं. गुणवंतराव दहाला येत, तेव्हा कांडण आटोपून घर सारवलेलं असे.

"नव्याआधी आमी कांडत नाई. भुमकानं नवं धान देवाले देल्ल्यावरच मुसळ खाली येते. तेवढ्या दिवसाचे तांदूळ पयलेच कांडून ठेवतो."

नवं म्हणजे नव्या धानाचा सण आणि भुमका म्हणजे गावचा पुजारी. गुणवंतराव भिंतीपलीकडे डोकावले. मग म्हणाले, "असं आहे तं आत्ता कांडून दाखव. एक डाव."

"नाई जमत."

"बाई, पंधरा-वीस गावचा प्रश्न आहे!"

"तुमच्या एका रेघेसाठी अख्ख्या गावाचं नवं बाटवू का?" मुसळ काढून आढ्याला बांधलेलं होतं. तिनं तिकडे बोट दाखवलं.

आता आली पंचाईत. तिचं खरं मानून तार थांबवावी आणि उद्या जमीन फाटली तर? तार पाठवावी आणि काहीच झालं नाही तर उभं पीक डुकरांच्या तोंडी. माझी सुई सरळ चालत होती, आणि तिच्या सरळपणाची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

सुकरीनंच वाट काढली. "तुमच्या पेटीत कागद आहेत ना सारे? काढा. मी कोनत्या दिवशी नाई कांडलं ते सांगतो."

गुणवंतरावांनी पेटी उघडली. ती सांगत गेली, ते कागद काढत गेले. बाजाराचे दिवस: रेघ सरळ. होळीच्या आधी सासू वारली, तेव्हाचे तीन दिवस: सरळ. तिच्या पायात काटा मोडून पाय सुजला, तेव्हा जाऊबाई येऊन कांडून गेली. त्या दिवशीची थरथर जरा वेगळी, लंगडी. गुणवंतरावांनी तो कागद दाराच्या उजेडात नेला.

"आनखीन एक सांग."

तिनं हातातला काळा कागद जपून खाली ठेवला. "मोहफुलं पडत होती. चंद्राची दूज होऊन चार दिवस झाले होते. माही लहानी पोर गेली, तवा."

त्यांनी कागद काढला. तीन दिवस, तीन कागद. रेघ अगदी सरळ. कडेला तिच्या बोटांचे ठसे.

"त्या दिवशीबी तू कागद काळा करून देल्लास?"

"हो."

"मले सांगतलं नाई काऊन?"

"तुमी इचारलंच नाई, भाऊ."

गुणवंतरावांनी तारेचा मजकूर घडी करून खिशात घातला. त्या दिवशी आपलं काम हलकं आहे म्हणून मी खूश होतो, हे मला आठवलं. शिशाच्या काळजालाही कधी कधी जड होतं.

तार गेली नाही. पाच दिवसांनी गावानं नवं खाल्लं. दुसऱ्या पहाटे गुणवंतराव अंधारातच येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले. पलीकडे ढेकी धपकन आदळली आणि माझी सुई थरथरली. ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग वर्षभराचा शोध चुकीचा होता, असं स्वतःच्या हातानं वरिष्ठांना लिहून कळवलं. केंद्र बंद झालं. कॉलेजात पुष्कळ दिवस त्यांची टिंगल झाली.

पण माणूस हटला नाही. पुढे तीस वर्षं ते डोंगरांच्या कडेनं पायी फिरले, खरे भ्रंश शोधले, त्यांवर ग्रंथ लिहिले. नवीन यंत्र कुठेही बसवायचं झालं की आधी शेजारच्या घरात जाऊन विचारायचे, "बाई, तुमी कांडता कधी?" विद्यार्थी हसायचे.

मी आता नागपुरात त्याच कॉलेजाच्या अडगळीच्या खोलीत आहे. घड्याळ बंद, सुई मोडलेली, शेजारी कागदांची ती पेटी. निवृत्तीनंतर गुणवंतराव एकदा काठी टेकत आले होते. कुरखेड्याकडे तांदळाची गिरणी कधीच आली, सुकरी गेली, तिची ढेकी चुलीत गेली, असं त्यांनीच मला सांगितलं. मग पेटीतून ते तीन कागद काढून खूप वेळ मांडीवर ठेवले.

"सर, यात तर काहीच नोंद नाही," सोबतचा शिपाई म्हणाला.

"आहे," ते म्हणाले. मग कागद परत पेटीत ठेवले. त्यानंतर ते आले नाहीत.

पुढच्या महिन्यात ही खोली साफ होणार, असं ऐकतो. मला खुशाल मोडीत घाला. मोडीतूनच आलोय, त्याचं वाईट वाटणार नाही. जमिनीची थरथर लिहायला आता माझ्यापेक्षा हुशार यंत्रं आहेत. पण सुकरी रोज पहाटे उठून कांडत होती, आणि तीन दिवस तिला कांडवलं नव्हतं, हे माझ्याशिवाय कोणीच लिहून ठेवलेलं नाही. तेवढी पेटी टाकू नका. आणि उघडलीत तर कागद कडेला धरू नका, तिथे तिची बोटं आहेत.