दुसऱ्या कागदावरचा आकडा

आमच्या मालकांचा आकडा अकराशे आला आणि येळ्ळूरभर बोंब झाली. गावच्या हॉलात म्हाताऱ्यांच्या काळजाची तपासणी होती. काळजावर ताण आला की एक हार्मोन रक्तात वाढतंय म्हणे. ज्यांचं लई वाढलंय त्यांनी जपायचं, त्यातली बरीच लवकर जात्यात, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. मालक चौऱ्याऐंशीचे, मी अठ्ठ्याहत्तरची. दोघांनीबी रक्त दिलं. आमचा मष्णू रिपोर्टांचं पाकीट आणाय गेलता, तो बापाचाच तेवढा कागद वाचून आला.

मग काय इचारता! सीमेच्या चळवळीत मालक तुरुंगात गेलते, त्याची इतकी वर्षं कुणाला आठवण न्हवती. आकडा कळला तसा तिसऱ्या दिवशी सत्कार समिती दारात हजर. "आप्पा हायत तवर उरकून घेऊ," म्हणाला त्यांचा अध्यक्ष, आप्पांच्या तोंडावर! लाज न्हाय मेल्याला. आणि आमचे मालक खुळ्यागत मान हलवत बसले. पोलिसांनी त्याच गाडीत मलाबी कोंबलतं, मष्णू कडेवर असताना. ते कोण इचारतंय! मला इचारलं एवढंच, "नागुआक्का, दीडशे माणसांचं जेवण जमंल न्हवं?"

माझे पाय सुजलेले. न्हाणीपतूर जाईस्तवर दम लागायचा. "वय झालंय गं आये, जरा बस," मष्णू म्हणायचा, आणि त्याच दमात चहा मागायचा.

शनिवारी त्याची पोरगी प्रियदर्शनी हॉस्टेलवरनं आली. ती नर्सिंग शिकती. तिनं माझा पाय बोटानं दाबला तर खड्डा तसाच राहिला.

"आज्जी, तुझा कागद कुटं हाय?"

पाकीट टीव्हीमागं होतं. त्यातल्या दुसऱ्या कागदाची घडीसुद्धा मोडलेली न्हवती. वाचता वाचता पोरीचं तोंड उतरलं.

"बाबा, आज्जीचा साडेपाच हजार हाय! आप्पांच्या पाचपट!"

"म्हंजे मरणार व्हय मी?" मी इचारलं.

"आकड्यावर तारीख नसती, आज्जी. औषधं हायत. पण आजच दाखवाय पायजे."

मष्णू कागद उलटासुलटा बघत ऱ्हायला. मग उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. शेवटी माझंच पोर न्हवं का!

"आये," म्हणाला, "गुरुवारच्या सत्कारापतूर कसंबी काढ. पत्रिका वाटून झाल्यात गं."

मी मालकांकडं बघितलं. ते शालीचा रंग कुठला असंल म्हणून इचारत होते.

थू असल्या जिण्यावर! सांजच्या चपात्यांचं पीठ परातीत होतं. ती परात उचलून मी बापलेकांच्या मधी आदळली.

"दोघं मिळून मळा," म्हटलं, आणि पोरीला गाडी काढाय लावली.