ओंदारोआची किल्ली

“पप्पा, ही किल्ली तुमच्या स्पेनमधल्या मैत्रिणीच्या घराची हाय का?”

विचारलं एकदाचं! खिशातला फोन चालूच होता आणि पलीकडं स्नेहल आणि क्लासमधल्या सगळ्या पोरी श्वास रोखून ऐकत होत्या. “क्रांती, तुझ्यात दम असला तर विचारून दाखव,” असं स्नेहल चारचौघीत म्हणाली होती. मग माघार कसली घेते मी?

आई सुटकेसमध्ये कांदा-लसूण मसाल्याच्या पिशव्या कोंबत होती. तिचा हात थांबला. पप्पा आरशासमोर दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते वळले.

“कुणी शिकवलं गं हे?”

“स्नेहलनं.”

माझ्या खिशातून खुसखुस ऐकू आली.

“फोन बंद कर आधी,” पप्पा म्हणाले. मग पुन्हा आरशाकडं वळत हळूच बोलले, “मित्राची हाय. इन्याकीची. जेवायच्या खोलीची किल्ली हाय ती.”

झालं, संपलं भाषण. आमचे पप्पा असेच. शिरोलीच्या फाउंड्रीत मशिनी दुरुस्त करतात आणि घरी बोलायला त्यांना शब्द जणू रेशनवर मिळतात. मी रांगत होते तेव्हा कंपनीनं त्यांना काही महिने स्पेनला पाठवलं होतं, साचे बनवायचं नवं मशीन शिकून यायला. गावाचं नाव ओंदारोआ, समुद्राकाठी. तिथून येताना त्यांनी आणलेली एकच वस्तू म्हणजे ही किल्ली. निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दाराजवळच्या खिळ्याला, मोटारसायकलच्या किल्लीशेजारी ती मी कळायला लागल्यापासून लटकलेली बघतेय. आता त्याच मशीनच्या कामासाठी पप्पांना पुन्हा आठवडाभर जायचं होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा मुहूर्त साधून ते आपणहून म्हणाले होते, “तुम्हीबी चला.” आई दोन दिवस सारखी त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होती.

बिल्बाओहून निघालेली बस डोंगर उतरायला लागली तेव्हा पप्पा किल्ली मुठीत धरून बसले होते.

“फोन केला का त्यास्नी, आपण येतोय म्हणून?” आईनं विचारलं.

“फोन करून कोण जातंय? सरळ दारात जाऊन उभं ऱ्हायचं.”

“अहो, ते हुपरीचं पावणं न्हाईत. परदेश हाय ह्यो!”

पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “नंबर लागत न्हाय त्याचा. लई दिवस झालं. पण परत येतो, मटण माझ्या हातचं, असं बोलून आलतो मी.”

मी पप्पांकडं बघितलं. फाउंड्रीत कितीही मोठं मशीन बंद पडलं तरी न घाबरणारा माणूस घाबरलेला होता.

ओंदारोआ दिसलं आणि मी ओरडलेच. समुद्र, निळ्या-लाल होड्या, एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी घरं! पप्पा मात्र काही न बघता पुढं चालत होते. एक चढ, एक बोळ, आणि हिरवं अरुंद दार. त्यांनी शर्ट नीट केला. किल्ली लावली.

किल्ली अर्धीच आत गेली.

त्यांनी काढली, पुसली, पुन्हा लावली. कुलूप नवं होतं, ते मलासुद्धा कळत होतं. पप्पा दारासमोर तसेच उभे. पाठमोरे. आई हळूच म्हणाली, “चला, हाटेलावर जाऊया. उद्या बघू.”

“व्हय,” पप्पा म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

मला राहवलं नाही. मी पुढं झाले आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. “ओ पावणं! हाय का कोण आत?”

“क्रांते! काय गं हे!” आई.

दार उघडलं. पिठानं माखलेला एप्रन घातलेली, पांढऱ्या आखूड केसांची एक बाई. तिनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग पप्पांकडं बघून एवढ्या जोरात किंचाळली की छपरावरचे समुद्रपक्षी उडाले.

“आका!”

आणि आमच्या आकाराम पप्पांना मिठी मारून तिनं त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आईनं माझ्याकडं बघितलं.

“इथं तसंच असतंय,” मी म्हटलं.

“तुला लई माहिती.”

ती मिरेन. इन्याकीची बायको. आत लांब टेबल, भिंतीला भांडी, आणि आपल्या गुऱ्हाळातल्या चुलाणासारखी दणदणीत शेगडी. पप्पा धडाधड स्पॅनिश बोलायला लागले! मधेच “व्हय व्हय”, मधेच “आरं तिच्या!” आणि मिरेनला ते सगळं कळत होतं. आम्हाला सांगताना त्यांचे हात थांबत नव्हते. काही मित्रांनी मिळून घेतलेली ही खोली. प्रत्येकाकडं किल्ली. ज्याला वाटेल त्यानं यायचं, रांधायचं, सगळ्यांना वाढायचं.

“म्हणजे रस्सा मंडळच की!” आई म्हणाली.

बरोबर तेच. कोल्हापुरात पप्पांचंही मंडळ आहेच. रविवारी कृष्णातकाकांच्या मळ्यातल्या शेडमध्ये बापय माणसं मटण शिजवून खातात आणि घरच्या बायकांना डबा येतो. उरला तर.

मग पप्पांनी विचारलं, “इन्याकी?”

मिरेन थांबली. शेगडीच्या वर टांगलेल्या फोटोकडं तिनं बोट केलं. जाड भुवयांचा, हसरा माणूस. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गेला. पप्पांनी चपला काढल्या आणि फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मिरेननं त्यांना दंडाला धरून भिंतीवरच्या फळीपाशी नेलं. फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नाव. शेवटच्या खिळ्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आका. आणि त्यावर एक नवीकोरी किल्ली, निळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

मिरेननं सांगितलं, कुलूप बदललं तेव्हा इन्याकीनं सगळ्यांच्या आधी ही करून घेतली होती. आका येणार, उगाच दारात उभा राहील, म्हणाला होता.

पप्पांनी ती किल्ली हातात घेतली. मग डोळे मनगटानं पुसून म्हणाले, “मटण कुटं मिळंल?”

मिरेननं फोन फिरवला आणि पात्ची नावाचा एक ढेरपोट्या म्हातारा कोकराचं मटण घेऊन धावतपळत आला. पप्पांना त्यानं उचललंच! मग आमच्यासमोर जे घडलं ते मी फोनवर चित्रित केलंय, म्हणून तरी पोरी विश्वास ठेवतील. पप्पांनी बाह्या सरसावल्या, कांदा उभा चिरला, आईच्या सुटकेसमधलं खोबरं शेगडीवर भाजलं, मसाला परतला. पात्ची शिंकून शिंकून बेजार. आई खुर्चीत बसून बघत होती, तोंड उघडं टाकून. लग्न झाल्यापासून या माणसानं घरात चहा केला नव्हता.

ताटं वाढली. आईनं रश्श्याची वाटी ओठाला लावली आणि तिचे डोळे बारीक झाले. आणखी एक घोट.

“ह्यो तर कृष्णात भावजींच्या हातचा रस्सा हाय!”

पप्पांनी मान खाली घातली.

“म्हणजे इतकी वर्षं... मी कृष्णात भावजींस्नी निरोप धाडत होते, भावजी तुमच्या हाताला काय चव हाय म्हणून! आणि ते कोण करत होतं?”

“मीच,” पप्पा पुटपुटले. “घरात कळलं असतं तर रोज करायला लागलं असतं.”

मी फोनवर भाषांतर करून दाखवलं तसा पात्ची टेबलावर डोकं ठेवून हसला. मिरेन हसली, आई चिडता चिडता हसली, आणि पप्पा, आमचे रेशनवाले पप्पा, खो-खो हसत होते, ठसका लागेपर्यंत. पहिली वाटी त्यांनी आधीच फोटोखाली ठेवली होती.

मिरेनच्या गळ्यात एक किल्ली होती. मी फोनवरूनच विचारलं, ही कुणाची? इन्याकीची. आधी इथल्या शेगडीला बायकांनी हात लावायचा नाही असा नियम होता म्हणे. इन्याकी गेल्यावर मंडळी किल्ली परत मागायला आली. “मी म्हटलं, आता ती माझी आहे. या जेवायला.” एवढंच. मग आले सगळे. जेवले.

निघताना पप्पांनी नवी किल्ली खिशात ठेवली आणि जुनी माझ्या हातावर टेकवली. “घे. आता कुठलंच कुलूप न्हाय उघडत ही.”

बंदरावर ऊन तिरपं झालं होतं. आई-पप्पा पुढं चालले होते, जरा जवळजवळ. मी धावत पुढं गेले आणि दोघांच्या समोर उलटी चालायला लागले.

“ऐका. मी ठरवलंय. मळ्यातल्या शेडची एक किल्ली मला पायजे. सुट्टीतला शेवटचा रविवार माझा. स्नेहल आणि मी रस्सा करणार, आई पहिल्या पंगतीला बसणार, आणि पप्पा, तुम्हाला डबा येईल. उरला तर.”