नस्तराचे आठ रिकामे दिवस

मी नस्तर बोलतोय. बोटभर लांबीचं, दोन्ही कडांना धार असलेलं पातं. शीर उघडून अंगातलं ‘बिघडलेलं’ रक्त काढायचं, हे माझं काम. एका डॉक्टरांनी मला चाळीस वर्षं खिशात वागवलं.

ताप असो, डोकेदुखी असो, उपाय मीच. दंडाला पट्टी आवळायची, खाली वाडगा धरायचा आणि मी कोपराच्या खळीत शिरायचो. एवढं ऊन रक्त वाहून गेलं तरी आतली धडधड चालूच, याचं मला दर वेळी नवल वाटे. रोगी पांढराफटक पडून गप्प झाला की घरच्यांना वाटे, गुण आला. डॉक्टरांनाही तसंच वाटे. आणि मलाही.

मग तापाची साथ आली. दवाखान्यातल्या साऱ्या खाटा भरल्या आणि ऐन गर्दीत डॉक्टर जिन्यावरून घसरले. उजवं मनगट दुखावलं. आठ दिवस मी डबीत. त्यांची लेक रोग्यांना पाणी पाजायची, अंग पुसायची, बस्स.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी डबी उघडली, तेव्हा ती हळूच म्हणाली, “बाबा, थांबा जरा. या आठ दिवसांत एकच दगावला. त्याआधीच्या आठांत नऊ.”

साथ ओसरली असेल, असं ते म्हणाले. खाटा तेवढ्याच भरलेल्या आहेत, असं तिनं सांगितलं. त्यांनी डबी मिटून खिशात टाकली.

त्याच दुपारी ते विणकराकडे गेले. मी खिशात होतो. विणकराची बायको पंधरवड्यापूर्वी गेली होती. तिची शीर मी तीनदा उघडली होती. माग थांबला. डॉक्टर दारातच म्हणाले, “तुमची बायको तापानं गेली, असं मी सांगितलं होतं. मी रक्त काढलं नसतं, तर कदाचित वाचली असती.”

विणकर मागावरून उठून दारापाशी आला. मग त्यानं विचारलं, हे सांगायला कुणी पाठवलं? कुणी नाही, डॉक्टर म्हणाले.

“आत या,” तो म्हणाला. “धाकटीला कालपासून ताप आहे.”

डॉक्टरांनी मला बाहेर काढलं नाही. पोरीच्या उशाशी बसून ते चमच्यानं पाणी पाजत राहिले. सहाव्या दिवशी ती उठून बसली.

आता मी वैद्यक शिकवणाऱ्या कॉलेजातल्या काचेच्या कपाटात गंजत पडलोय. मुलं मला बघून हसतात. मला खुशाल हसा. पण ज्यानं मला चालवलं त्याला हसण्याआधी, स्वतःची चूक घेऊन एकदा कुणाच्या दारात उभं राहून बघा.