भगीरथने मला बाजूला का केलं?

मित्रांनो, मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालात की वैशाखऱ्याजवळ रस्त्यात एक पिवळा-काळा लोखंडी सांगाडा आडवा उभा दिसेल. तो मी. सरकारी कागदावर मला बॅरिकेड म्हणतात, पोलीस बॅरिकेट म्हणतात आणि इथल्या बायका सरळ घोडा म्हणतात. मी आता जुना झालोय. आयुष्यभर एकच काम केलं, रस्ता अडवायचं. पण खरं सांगतो, ह्या कामातलं मला अजून धड काही कळलेलं नाही.

गोंधळ जन्मापासूनचाच. शहापूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मला जोडलं. अंग गार होतंय न होतंय तोच रंगारी आला. त्याने माझ्या छातीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'थांबा, पोलीस तपासणी'. त्याच्याच खाली, ज्या कापड दुकानदाराने माझा खर्च केला होता त्याची जाहिरात रंगवली, 'लग्नाच्या बस्त्यासाठी अवश्य या'. आता तुम्हीच सांगा, लोकांनी थांबायचं की यायचं? मी रंगाऱ्याला विचारणार कसा? मी आपला दोन्ही सांगत उभा राहिलो.

पहिली काही वर्षं मी शहापूरला हायवेवर होतो. तिथेच भगीरथ भेटला. भगीरथ पोलीस शिपाई. शहापूरजवळच्याच एका डोंगरपाड्यातला, भातशेतीवाल्या घरातला मुलगा, उंचीने बेताचा, आवाजाने त्याहून बेताचा. मला वाटलं, हा काय गाड्या अडवणार? पण अडवायचा. ओरडायचा नाही. हात वर करायचा आणि तसाच धरून ठेवायचा.

करोनाची साथ आली तेव्हा आम्ही दोघं रस्त्यावरच राहायला गेल्यासारखे होतो. भगीरथ घरी जात नव्हता, आपल्यामुळे घरच्यांना काही व्हायला नको म्हणून. त्याची बायको दिपाली दुपारी डबा घेऊन चालत यायची. डबा माझ्या वरच्या दांडीला अडकवायची आणि मागे सरायची. मग तो पुढे होऊन डबा घ्यायचा. एक दिवस बरोबर त्यांची लहानगी हेतल आली. बापाला बघून ती धावत सुटली ती थेट मला येऊन धडकली. भगीरथ पलीकडे उभा राहून म्हणाला, "थांब, बाय. हितनं पुढं यायचं नाय." ती माझ्या दांड्या धरून रडली. मी चोर अडवायला जन्मलो होतो, मित्रांनो. लेकीला बापापासून अडवताना मला फार वाईट वाटलं. आणि काही केल्या उलगडेना, हे माझं काम होतं की नव्हतं?

पुढे कुठल्याशा बंदोबस्तासाठी मला टेम्पोत घालून मुरबाडकडे आणलं आणि परत न्यायला कोणी आलंच नाही. पोलिसांच्या सामानाचं असंच असतं. काही काळाने भगीरथचीही बदली इकडेच झाली. मला बघून त्याने छातीवरची जाहिरात वाचली आणि हसला. "तू पन आलास काय रे?" म्हणाला. मला मनापासून बरं वाटलं.

वैशाखऱ्याचा रस्ता हायवेसारखा नाही. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला मुरबाड. पावसाळ्यात धबधबे बघायला माणसांची रीघ लागते. कोणी झिंगून येतं, कोणी चारचौघांत भगीरथची कॉलर धरतं. एकाने तर गाडी तशीच अंगावर घालून त्याचं कोपर सोलवटलं आणि वर म्हणाला, "बाजूला व्हायला काय झालं होतं?" त्याच लोकांनी परतताना माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. शिव्या त्याला, फोटो माझ्याबरोबर. ह्याचा मेळ मला आजतागायत लागलेला नाही.

आता इथली एक रीत सांगतो. मी उभा असलो की प्रत्येक गाडीला वेग कमी करावाच लागतो. मग मुरबाडला जाणाऱ्या शेअर जीपही इथेच थांबतात. हे हेरून आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांनी माझ्यामागेच आपला थांबा केला. करांद्यांच्या म्हणजे रानकंदांच्या टोपल्या, सरपणाच्या मोळ्या माझ्या पायाशी टेकवायच्या आणि जीपची वाट बघायची. त्यांत पुढारी तानी. कातकरी वाडीवरची, केस पिकलेली, जीभ मात्र तरणी. भगीरथ त्यांना सांगायचा, "जरा लांब हुब्या ऱ्हा गो, मावशे." तानी म्हणायची, "पोलीस हितं, घोडा हितं, मग आमाला लांब कशाला धाडतोस?" त्यांना वाटायचं, ह्या रस्त्यावर माझ्यामागे जितकं सुरक्षित तितकं कुठेच नाही. मलाही तसंच वाटायचं. छाती भरून यायची.

मग तो दिवस उजाडला. थंडीतली सकाळ होती. तानी आणि तिच्या सोबतिणी, मिळून चौघी, माझ्यामागे रस्त्याच्या कडेला टोपल्या ठेवून बसल्या होत्या. भगीरथ एकटाच ड्युटीवर होता. वायरलेसवर निरोप आला, चोरून तोडलेलं खैराचं लाकूड भरलेली पिकअप घाटातून खाली येतेय, काहीही करून अडवा. मी म्हटलं, चला, आज आपल्या कामाचं चीज होणार. भगीरथने मला नीट रस्त्यात ओढलं, हात वर केला.

पिकअप वळणावरून दिसली. वेग कमी होईना. भगीरथने हात हलवला, शिट्टी फुंकली. गाडी तशीच. मी पाय रोवून तयार होतो. आणि तेवढ्यात, मित्रांनो, भगीरथने मागे वळून पाहिलं, मला दोन्ही हातांनी धरलं आणि फरफटत रस्त्याच्या पलीकडे ओढायला लागला. मला! ज्याला अडवायला ठेवलं, त्यालाच! रस्ता मोकळा झाला. पिकअप सरळ निघाली, पण जाता जाता माझं रस्त्यात राहिलेलं टोक तिने उडवलं. मी गर्रकन फिरलो आणि भगीरथवर कोसळलो. त्याचं डोकं रस्त्यावर आपटलं, पाय माझ्याखाली अडकला. माझ्यावर खूप हात आले, बायकांचे आवाज आले. कोण काय करतंय ते मला समजेना.

नंतर मला जवळच्या पोलीस चौकीच्या मागे टाकून दिलं. वाकडा झालो होतो, कोणाच्या उपयोगाचा नव्हतो. अंगावर वेल चढला. तिथे पडल्या पडल्या मी लोकांचं बोलणं ऐकायचो. पिकअप पुढे रानात सापडली म्हणे, लाकूड सापडलं, माणसं पळाली होती. जीपवाला अमित सांगत होता, "स्वतः बॅरिकेट काढून गाडी सोडली त्यानं. सेटिंग असनार." दुसरा म्हणाला, "सेटिंग कसली, फाटली असंल त्याची. पळाला." भगीरथवर चौकशी लागली होती. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार, आणि नावाला काळं लागणार ते वेगळंच. मी तर त्याच्या हातात होतो, मीच साक्षीदार. पण मलाही माहीत नव्हतं त्याने मला का ओढलं. मनातल्या मनात मी त्याच्यावर चिडलोही होतो.

एक दिवस तो चौकशीच्या कामाने कुबड्या घेऊन आला. दिपाली बरोबर होती. चौकीमागे सावलीला दोघं टेकले.

"साहेबांना सरळ सांगा ना, बायकांना वाचवायला केलं म्हनून," दिपाली म्हणाली.

"मला आठवत नाय गो," भगीरथ म्हणाला. "वायरलेस आठवतो. गाडी वळणावर आली ती आठवते. पुढं डोळे उघडले ते कल्याणच्या हॉस्पिटलात. जे आठवत नाय ते कसं सांगू?"

"तुमी पळनारे नाय."

"तुला काय माहीत? मरन समोर दिसल्यावर मानूस कसा वागंल, त्याचं त्याला पन माहीत नसतं. मी घाबरून पळालोच असेन तर?"

दिपालीने कुबड्या उचलून त्याच्या हातात दिल्या.  ज्याने मला ओढलं त्यालाच कारण ठाऊक नाही, मग मी कोणाला विचारू?

काही दिवसांनी जिल्ह्याहून चौकशीचे साहेब आले. मला वेलातून ओढून काढलं आणि तसाच वाकडा पुन्हा रस्त्यात जागेवर उभा केला. साहेब भगीरथला प्रश्न विचारत होते, तो मान खाली घालून "आठवत नाही, साहेब" एवढंच म्हणत होता. मला रस्त्यात बघून तानी जवळ आली.

"आजी, त्या दिवशी तुम्ही इथे होता?" साहेबांनी विचारलं.

"व्हतो की. चौघी जनी."

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"इचारलं कुनी?" तानी म्हणाली. "आन आमच्या वाडीवरलं मानूस आपनहून ठान्याची पायरी चढतं का, साहेब?"

 मग साहेबांनी सरळ विचारलं, "गाडी बघून हा पळाला का?"

तानीने भगीरथकडे पाहिलं. "पळाला," ती म्हणाली.

भगीरथने डोळे मिटले. 

"पन भ्यालेला मानूस कडंला पळतो, साहेब," तानी पुढे म्हणाली. "आमच्या बाजूला, झुडपात. हातातलं टाकून पळतो. हा भर रस्त्यात गाडीम्होरं पळाला, आन घोडा घेऊन पळाला. घोडा हितंच ऱ्हायला असता तर गाडीनं उडवून आमच्या डोस्क्यावर घातला असता."

 जिथे बायका बसायच्या तिथे साहेब स्वतः जाऊन उभे राहिले आणि माझ्यावरून घाटाच्या वळणाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कारकुनाला म्हणाले, "आजींचं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्या."

भगीरथ कुबड्या टेकत तानीजवळ आला. "मावशे, मी घोडा सोडला नव्हता? नक्की?"

"नाय रे पोरा," तानी म्हणाली. "तू बेसुद पडला व्हतास तरी सोडीत नव्हतास. तुझी बोटं आमी चौघींनी येकेक करून सोडवली."

भगीरथ तिथेच रस्त्याच्या कडेला बसला आणि तोंड झाकून रडला. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो. रस्ता अडवायला जन्मलेल्या मला त्या दिवशी कळलं की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम बाजूला होण्याचं होतं. तेही माझ्या अकलेने नाही, त्याच्या.

भगीरथची नोकरी राहिली. नावही राहिलं. तो आता शहापूरला टेबलाचं काम करतो. तानी आणि बायका पुढच्या झाडाखाली थांबतात, कुरकुर करत. मला शहापूरच्या वेल्डरने ठोकून सरळ केलं आणि परत इथेच उभं केलं. भगीरथचा पाय तसा सरळ झाला नाही. लोखंड तापवलं की ते वळतं, हाडाचं तसं नसतं.

म्हणून एवढंच मागणं आहे. मी लांबून दिसलो की गाडी हळू करा. माझ्याशेजारी हात वर करून कोणीतरी उभं असेल, त्याच्याकडे एकदा बघा. आणि थांबावं लागलं म्हणून राग आलाच, तर शिवी मला द्या. मला तशीही कशातलं काही कळत नाही.