मिठाचं पाणी

"लागला बघा पाय चाटायला!" मस्तूराने तापलेल्या पत्र्यावरून उंदीर झटकन उचलला आणि गार ओंजळीत धरला.

"मिठाचं पाणी दिलेला ना हा?" दोमलांनी विचारलं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे दोमलाच म्हणत, म्हणजे गुरुजी.

"मग काय! उंदराला कधी फसवता येतं का, दोमला?"

ताश्कंदच्या त्या प्रयोगशाळेत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. निम्म्या उंदरांना वेदना शमवणारं नवं औषध टोचायचं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि मग एकेकाला पत्र्यावर ठेवून कोण आधी पाय चाटतो ते बघायचं. सुरुवातीला तिला जेवण जात नसे. पुढे हात निर्ढावले, मन काही निर्ढावलं नाही. यंदा डोंगरातल्या कुठल्याशा मुळीचं औषध आलं होतं. ते दिलेले उंदीर पत्र्यावर सावलीत बसल्यासारखे निवांत बसत.

"दोमला, यातलं थोडंसं मला..."

"एर्गाशसाठी?" दोमलांनी मान खाली घातली. "माणसाला ते सोसेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही गं. उद्या भलतंच काही झालं, तर स्वतःला माफ करशील?"

मस्तूराचा नवरा एर्गाश, जन्मभर बस चालवलेला माणूस, हाडांच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळला होता. दवाखान्याने दिलेली इंजेक्शनं वेळेआधीच संपली होती आणि नवरोझच्या, नववर्षाच्या सणाच्या, सुट्ट्यांमुळे दवाखाना बंद होता. त्याचं कण्हणं ऐकवत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने घरी सुई भरली. "अहो, दंड पुढे करा. नवीन औषध मिळालंय."

तिने त्याला मिठाचं पाणी टोचलं.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. "अगं, हे तर भलतंच भारी निघालं! मंत्र्याच्या वाट्याचं पळवलंस की काय?"

"गप पडा."

"खरंच सांगतो. चहा आण बघू. नानचा तुकडाही आण."

स्वयंपाकघरात जाऊन ती आनंदाने रडली. मिठाच्या पाण्याने फसलेला उंदीर जिने कधी पाहिला नव्हता, तिने आपला नवरा फसला यावर विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला, म्हणून ठेवला. रोज ती टोचत राहिली, रोज तो हसून चहा मागत राहिला. त्याचं कण्हणं थांबलं होतं.

दवाखाना उघडायच्या दिवशीच, सकाळी, तो गेला.

अंगणात माणसं जमली. धाकटा दीर तुर्सुन आत आला. त्याचे डोळे सुजले होते. "वहिनी, दादाचा कमरेचा रुमाल दे. घरच्या पुरुषाने कमर बांधून दारात दुःखाला आलेल्यांसमोर उभं राहायचं असतं ना, मी तोच बांधून उभा राहीन."

रुमाल एर्गाशच्या उशीखाली होता. शेवटचे दिवस तो त्याने जवळच ठेवला होता, धुवायलाही देत नव्हता. लग्नाआधी तिनेच त्यावर डाळिंबाची फुलं भरली होती. तिने तो ओढून काढला. एक कोपरा दातांनी पार चावून काढलेला, फुलांचे धागे तुटून लोंबत होते, कापड वाळून कडक झालं होतं.

तो फसला नव्हता. एकदाही नाही. ती स्वयंपाकघरात गेली की तो हा कोपरा तोंडात धरत होता, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

"वहिनी, हा फाटलाय गं. दुसरा असेल तर..."

"नाही. हाच बांधायचा."

तिने स्वतःच्या हाताने तो दिराच्या कमरेला बांधला. चावलेला कोपरा तुर्सुन आत खोचू लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "बाहेरच राहू दे."