शेवटचं कडवं

सेलचं टेंगूळ असलेलं टोक नेमकं कुठल्या बाजूला... आत खोबणीत अधिकचं बारीक चिन्ह कोरलेलं होतं म्हणे, पण ते दिसायला डोळे धड हवेत आणि अर्जुनरावांच्या डोळ्यांनी गेल्या दिवाळीपासून असहकार पुकारलेला. त्यांनी सेल एकदा असा घातला, एकदा तसा घातला, झाकण लावलं, त्रिकोणाचं बटण दाबलं. काही नाही. खिशातल्या तंबाखूच्या डबीएवढी वस्तू, काळी, गुळगुळीत, अमेरिकेहून आलेली आणि तिकडच्या माणसांसारखीच गप्प.

‘बाबा, हा टेप नाही,’ कपिलनं पत्रात लिहिलं होतं. ‘ह्यात कॅसेट घालायची नसते. आत काहीच फिरत नाही. तुमची चार गाणी मी कॉम्प्युटरवरून आत भरली आहेत. एक सेल घालायचा, गोळे कानात घालायचे, त्रिकोण दाबायचा. बस.’

बस म्हणे. काहीच फिरत नाही तर मग गातं कोण? अर्जुनरावांनी डबी कानाला लावून पाहिली. सकाळी सातपासून त्यांचा हा उद्योग चालला होता. चहा निवून गेला होता, रविवारचा पेपर घडीसकट पडून होता, आणि समोर बाळाबाई सुपात तांदूळ निवडत नवऱ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

“आवं, कागूद उलटून बघा की,” शेवटी त्या म्हणाल्या. “मागनं बी लिवलंय काय तरी.”

मागं खरंच एक ओळ होती. बाजूची कळ कुलपाच्या चित्रावर असेल तर खाली ओढा, नाहीतर कुठलंच बटण चालणार नाही. सदतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, हजारो कागद उलटसुलट वाचले, आणि घरच्या पत्राची पाठ वाचायची राहिली! त्यांनी नखानं कळ ओढली, त्रिकोण दाबला, आणि...

आणि एकदम यल्लाप्पा. आधी यल्लाप्पाच. त्याची ढोलकी, तिचा तो किंचित ओला घुमारा, थंडीत शेकलेली असली तरी ओलाच. मागच्या वर्षी तासगावात ज्याला पोचवून आलो तो यल्लाप्पा डोक्याच्या बरोब्बर मध्ये येऊन बसला होता आणि ठेका धरत होता. मग पेटीचा सूर, मग खाकरणं, आणि मग एक आवाज, उंच, धारदार, कुणाच्या बापाला न भिणारा. हा मी? अर्जुनरावांचा हात छातीकडं गेला. हा मी होतो?

“बाळाबाई! मी गातोय!”

“वरडताय कशाला? हितंच बसलीय मी. हळू बोला.”

कानात गोळे असले की आपला आवाज आपल्याला कळत नाही, हे त्यांना तेव्हा समजलं. ते ओशाळले, मग हसले, मग पुन्हा डोळे मिटून बसले. एक्याऐंशी सालचा एप्रिल. तासगावात समाजमंदिरासमोरचा मांडव, यल्लाप्पाच्या मेहुण्यानं आखातातून आणलेला टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवलेला, आणि त्याच्यापुढं गायन पार्टी उभी. विहिरीचं गाणं. पोरगी घागर घेऊन जाते आणि रिकामी परत येते, चार कडव्यांत चारदा. पाचव्यात ती घागर पाणवठ्यावर ठेवून स्वतः पाण्यात उतरते, ओंजळीनं पिते. चौथं झालं, धृपद आलं, ढोलकी चढली, आता...

आता काही नाही. गाणं थांबलं होतं. तुटलं असंही नाही, हळूहळू लांब गेलं, गाडीतून कुणी गात गेल्यासारखं. लगेच शाळेचं गाणं सुरू झालं.

अर्जुनरावांनी डबी उलटी केली. दुसरी बाजू कुठाय? कॅसेटची ‘अ’ बाजू संपली की गाणं असंच मध्ये राहायचं, उरलेलं ‘ब’वर निघायचं, पण ह्या डबीला पाठ होती, बाजू नव्हती. शाळेचं गाणं ऐकलं. शेवटी हळूहळू लांब. आईचं ऐकलं. हळूहळू लांब. चौथं, पोर झाल्याच्या आनंदाचं, कपिल झाला त्या रात्री दवाखान्याच्या कट्ट्यावर बसून जुळवलेलं, तेही तसंच. आणि त्याच्यामागून बासरी. कुणाची तरी बासरी, एक झाली, दुसरी झाली, तिसरी. सहा बासऱ्या मोजल्या त्यांनी. सगळ्या अगदी शेवटापर्यंत वाजल्या.

तेव्हा त्यांना कळलं. यंत्राचं काही चुकलेलं नव्हतं.

पार्टीची रीत होती. गाणं विहिरीवर असो, शाळेवर असो, दुष्काळावर असो, शेवटच्या कडव्यात बाबासाहेबांचं नाव यायचं आणि त्याच्या पाठोपाठ रचणाऱ्याचं. नुसतं नाव नव्हे, गावासकट, आडनावासकट. ते कडवं आलं की यल्लाप्पा थाप बदलायचा आणि खाली बसलेली माणसं, दिवसभर दुसऱ्याच्या द्राक्षांच्या बागेत वाकलेली, पाठी सरळ करायची. बाकीचं गाणं कुणाचंही असू शकतं. शेवटचं कडवं आपलं. विहिरीच्या गाण्यात तर...

नाव विचारा, गाव विचारा, लपविण्याजोगे नाही,
तासगावचा अर्जुन कांबळे चौकात गाऊन जाई...

ते कापलं होतं. चारही गाण्यांचं. शिंपी उरलेलं कापड कापतो तसं, सरळ, स्वच्छ, एक धागा बाहेर न ठेवता. आणि कापणारा हात कुठल्या परक्याचा असता तर अर्जुनरावांनी एक शिवी हासडून चहा प्यायला असता.

फोन नेहमीप्रमाणं साडेनऊला आला. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र असते.

“लागलं का बाबा? आवाज कसा आहे? कॅसेटची खरखर सगळी काढली मी. दोन वीकेंड बसलो होतो त्यावर.”

“खरखर काढलीस,” अर्जुनराव म्हणाले. “आन् शेवटची कडवी?” राग आला की त्यांच्या तोंडात तासगाव यायचं, साताऱ्याच्या पंचवीस वर्षांना बाजूला सारून.

  आवाज समुद्रावरून यायला वेळ लागतो, आज जरा जास्तच लागला. 

“त्यात जागा कमी असते हो, बाबा. तासभराचीच.”

“आन् बासरीला हाय जागा?”

“बाबा... गणपतीत इथल्या मंडळात लावली होती मी ही गाणी. लोकसंगीत म्हणून. लोक अक्षरशः डोलत होते. म्हटलं, कशाला उगीच सांगत बसायचं? कुणी विचारलं तर सांगतोच की मी.”

“इचारलं कुणी?”

“...नाही.”

“कॅसेट हाय न्हवं नीट?”

“आहे ना. म्हणजे... मागं घर बदललं तेव्हा खोक्यात... शोधतो मी. मिळेल.”

बाळाबाईंनी फोन घेतला आणि नातीला दात आला का विचारलं. अर्जुनराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. समोर अजिंक्यतारा नेहमीसारखाच रुबाबात बसलेला. त्या कॅसेटची दुसरी प्रत नव्हती. दिवाळीत आला होता तेव्हा पोरानं ‘कायमची टिकवून देतो’ म्हणून नेली, आणि आपण ती धुतलेल्या रुमालात गुंडाळून दिली. आता चार गाणी टिकली होती, ज्याची होती तो टिकला नव्हता. खाली फाटकावरच्या पाटीची नुसती पाठ दिसत होती, पण ती काय वाचायची होती त्यांना? स्वतःच उभं राहून रंगवून घेतलेली. अ. य. तासगावकर.

दुपार त्यांनी चरफडत काढली. जेवले नाहीत धड. ह्या पोराला शिकवलं कुणी, उभं केलं कुणी? तिथं बर्फात बसून त्याला कसली भीती आहे? कोण त्याला घर द्यायचं थांबणार आहे, कोण पाण्याचा नळ तोडणार आहे? बसल्या बसल्या कात्री चालवली आणि वर लोकसंगीत! लोकांचं आहे, म्हणजे कुणाचंच नाही. असा बाप दाखवायचा गणपतीत, नाव नसलेला.

त्यांनी मनातल्या मनात कडवी म्हणून पाहिली. विहिरीचं आलं. शाळेचं आलं. आईचं, एका ओळीला अडून, आलं. पोराच्या जन्माचं येईना. पहिला शब्द जिभेवर यायचा आणि विरायचा. अठरा वर्षांत म्हटलंच कुठं होतं...

संध्याकाळी शेजारचे भाऊसो आले. भाऊसो म्हणजे सुभेदार म्हणून निवृत्त झालेला खणखणीत माणूस. गेली तेरा वर्षं रोज साडेपाचला दोघं एकत्र चहा घेत होते, एकमेकांच्या आजारपणात उशापायथ्याशी बसत होते. टेबलावरची डबी बघताच त्यांचे डोळे पोरासारखे चमकले.

“काय तासगावकर, पोरानं धाडलं व्हय? बघू तरी!”

अर्जुनरावांनी निमूट गोळे त्यांच्या कानात घातले, कळ खाली आहे ना बघितली, त्रिकोण दाबला. सकाळच्यापेक्षा हात सराईत चालला. भाऊसोंची मान हलायला लागली, मग मांडीवर बोटं, मग डोळे मिटले. विहिरीचं गाणं चालू असणार. आता ती पोरगी तिसऱ्यांदा रिकामी परतली असणार.

“आयला, काय गळा हाय!” भाऊसो ओरडले. कानात गोळे, सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं. “लय झ्याक गातोय गडी! तासगावकर, कोण वो ह्यो?”

विचारलं होतं.

बाळाबाई चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या. अर्जुनरावांना त्यांच्याकडं बघायचं नव्हतं. एक शब्द होता, ‘मी’. त्याच्या मागं दुसरा, सरळ तीन अक्षरांचा, जो तासगावात एसटीतून उतरलं की आपोआप अंगावर यायचा आणि परतताना कराडच्या अलीकडं कुठंतरी उतरून जायचा, कंडक्टरनं हाक न मारता. आणि ह्या भाऊसोला ठाऊक नसेलच असं तरी कशावरून? कदाचित पहिल्या दिवसापासून असेल. कदाचित त्याला काहीच वाटणार नाही, तो पाठीवर थाप मारेल. कदाचित उद्या साडेपाचला त्याला जरा बरं नसेल, परवा पाव्हणे असतील...

“व्हता एक,” अर्जुनराव म्हणाले. “आमच्या तासगावकडचा.”

भाऊसोंनी गोळे काढले. “व्हता? गेला व्हय?”

“...व्हय.”

“आरारा. वाईट झालं.” भाऊसोंनी डबी दोन्ही हातांनी, जपून, टेबलावर ठेवली. मेलेल्या माणसाची वस्तू ठेवावी तशी. चहा पिऊन झाल्यावर जाताना ते म्हणाले, “असली माणसं ऱ्हायली न्हाईत आता.”

फाटक वाजलं.  बाळाबाईंनी कप उचलले, परत येऊन उद्याच्या तांदळांचं सूप मांडीवर घेतलं.

आणि मग, कुणी न बोलावता, ती पायरी आली. शनिवार पेठेतली, चौऱ्याहत्तर सालची. साताऱ्यात बदली होऊन महिना झालेला, चार ठिकाणी आडनाव सांगून चार ठिकाणी खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली, आणि पाचव्या ठिकाणी तोंडातून आपसूक गावाचं नाव आडनाव म्हणून गेलेलं. मालकांनी किल्ली दिलेली. त्या रात्री बाळाबाईंना आपणच सांगितलं होतं, कशाला उगीच सांगत बसायचं? कुणी विचारलं तर सांगू की. शब्द न् शब्द हाच. आणि आठच दिवसांनी, संध्याकाळी, सहा वर्षांचा कपिल त्या पायरीवर बसून बापाचं गाणं म्हणत होता, खड्या आवाजात, हातवारे करत. विहीर, घागर, सगळं आलं. मालकीणबाई कौतुकानं दारात आलेल्या. पोर शेवटच्या कडव्याला आलं, नाव विचारा, गाव विचारा... आणि अर्जुनराव धावले होते. पोराच्या तोंडावर हात. ओठ तळव्याखाली हलत राहिले क्षणभर, कोमट, ओले. आणि मग थांबले. आत खोलीत नेऊन त्यांनी त्याला समजावलं होतं, मायेनं, केस कुरवाळून.

‘बाकीचं म्हणत जा, बाळा. शेवटचं तेवढं सोडून.’

शहाणं पोर होतं. एकदा सांगितलेलं कधी विसरलं नाही.

सकाळपासून पोरावर जो राग धरून बसलो तो आता कुठं ठेवायचा, हे अर्जुनरावांना कळेना. तो हातात होता, गरम होता, आणि त्याला जागा नव्हती. त्यांनी गोळे कानात घातले. त्रिकोण दाबला. यल्लाप्पा आला, पेटी आली, तो उंच आवाज आला, आज संध्याकाळीच मेलेला. घागर चारदा रिकामी परतली. धृपद लांब जायला लागलं आणि त्या ओसरत्या ढोलकीला धरून त्यांनी ओठ उघडले. नाव विचारा, गाव विचारा...  शब्द निघाले की नुसते ओठ हलले? कानात आता दुसरं गाणं सुरू झालं होतं आणि आपला आवाज आपल्याला कळायला मार्ग नव्हता. गोळे काढले असते तर कळलं असतं. ते त्यांनी काढले नाहीत.

त्यांनी बाळाबाईंकडं पाहिलं. सुपातला त्यांचा हात थांबला होता, त्या खिडकीच्या दिशेनं, भाऊसोंच्या घराकडं बघत होत्या, आणि ‘हळू’ असं म्हणत नव्हत्या.