मांडी माझी, कागद अजिनाथचा

माझ्या पलंगाला जी पाटी लटकवलीय तिच्यावर नाव हाय अजिनाथ. मी कानिफनाथ. अजिनाथ माझा चुलतभाऊ. तो आत्ता नागापूरच्या कारखान्यात मशीनवर उभा असंल. दोन्ही पायांवर.

खरं सांगतो, यात कुणाचा डाव नव्हता. जामखेडकडं एका पिक्चरचं शूटिंग हुतं. आमच्या तिसगावची टोळी ऊसतोडीला नेणारा बन्सीमामा मुकादम, त्यानंच गर्दीसाठी चाळीस माणसं द्यायचं काम घेतलं. यादीत अजिनाथ हुता. त्याला सुट्टी मिळाली न्हाई, म्हणून मी गेलो. टोळीत असंच चालतं. एक आजारी पडला की घरातला दुसरा कोयता उचलतो. मुकादम डोकी मोजतो, नावं कोण बघतंय?

माझं काम किल्ल्याच्या तटावर पहारा द्यायचा, कॅमेऱ्याकडं पाठ करून. तट प्लायवूडचा. चौथ्यांदा तेच करायला लावलं तेव्हा फळी मोडली अन् मी बारा फूट खाली.

नगरच्या दवाखान्यात भरती करताना बन्सीमामानं पाकिटातली झेरॉक्स काढून दिली. अजिनाथच्या आधारची.

"यादीत जो हाय त्यालाच पिक्चरवाल्यांचा इमा भेटंल," मामा कानात म्हणला. "आजपासून तू अजिनाथ. गप पडून ऱ्हा."

मी पडलोच हुतो.

मांडीत रॉड टाकला. पाय आखूड पडला. डॉक्टर म्हणले, अजून एक ऑपरेशन लागंल, तरच नीट चालशील. ते विम्यावर. विमा न्हाई तर असाच.

तीन आठवडे मी अजिनाथ हाय. लई कंटाळा येतो दुसऱ्याचं नाव अंगावर घेऊन. आई तर पार दमली. नर्स आली की म्हणती, "अजिनाथा, पानी पितो का?" अन् लगेच, "कानिफा, सांडू नको रं." नर्स एकदा तिच्याकडं बघती, एकदा पाटीकडं.

काल अजिनाथचा फोन आला.

"सोमवारी माझं मेडिकल हाय. कायम करनार हायेत मला," तो म्हणला. "अन् इमावाले म्हनं अपंगाचं सर्टिफिकेट मागत्यात. मांडी तुझी मोडली अन् लंगडा मी झालो की रं भावड्या."

हसला.

"तू म्हनशील तसं," म्हणला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज विम्याच्या मॅडम आल्या. भार्गवी मॅडम. एसटीनं आल्या हुत्या, त्यापण थकलेल्या. स्टुलावर बसून आधी बाटलीतलं पाणी प्यायल्या.

"अजिनाथ ना तुम्ही? काय करता?"

"शेती," बाजूला बसलेला मामाच बोलला.

"त्यांना बोलू द्या. इथं सही करा."

पेन हातात घेतला. आई माझ्याकडं बघत नव्हती, पायाकडं बघत हुती. सही काय, पाच सेकंदांचं काम. पण त्या सहीनंतर कागदावर लंगडा अजिनाथच ठरणार हुता, कायम व्हायच्या आधीच.

"मॅडम, मी अजिनाथ न्हाई," मी म्हणलो.

"गोळ्यांची गुंगी हाय त्याला!" मामा उठलाच.

"गुंगी तुमालाच हाय मामा. मी कानिफनाथ. त्याच्या बदली गेल्तो."

मॅडमनी फाईल उघडली. बराच वेळ एकच पान वाचलं.

"या पॉलिसीत नावंच नाहीत," त्या म्हणल्या. "त्या दिवशी सेटवर काम करणारी कुठलीही चाळीस माणसं. खरं नाव सांगितलं असतं तर काहीच अडचण नव्हती."

मग आई म्हणली, "म्हंजी आमच्या टोळीवानीच मोजलंय की, डोकी."

मामा खिडकीकडं तोंड करून उभा ऱ्हायला.

"अन् आता?" मी विचारलं.

"आता सगळे कागद दुसऱ्याच्या नावावर. कंपनी म्हणेल, खोटं सांगितलं. दोघांची प्रतिज्ञापत्रं लागतील, दवाखान्याचं पत्र लागेल. मी ऐकलं तसं लिहीन. पुढचं माझ्या हातात नाही." मग म्हणल्या, "शूटिंगमध्ये तुमचा चेहरा दिसतो का?"

"पाठमोरा हुतो मी."

"पडतानाही?"

मी आठवून बघितलं. फळी मोडली तसा मी गर्रकन फिरलो हुतो. समोर कॅमेरा हुता.

"पडताना दिसला असंल."

"ते चित्रीकरण पुरावा म्हणून मागवते," म्हणत त्यांनी लिहून घेतलं.

त्या गेल्यावर अजिनाथला फोन लावला. मागं मशीनचा आवाज.

"सांगून टाकलं," म्हणलो.

"अन् ऑपरेशन?"

"बघू."

"मेडिकल झालं की रजा टाकून येतो. सही लागंल ना माझी?"

"लागंल."

आईनं नर्सला पाटीवरचं नाव बदलायला सांगितलं. नर्स म्हणली, अर्ज द्यावा लागंल, साहेब उद्या येतील. आई व्हय म्हणली. नर्स गेली तशी तिनं पाटी उलटी करून टाकली अन् माझ्या आखूड पायाखाली उशी सारली.